वसंताची फाइल

आमचे दिगंबरभाऊ कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावतात. ओळीआधी दोनच मोकळ्या जागा हव्यात. तिसरी दिसली की पट्टी माझ्या टेबलावर आपटते. "पेरताना तास असं वाकडं गेलं तं चालते काय बे?"

चिखलीच्या आमच्या ऑफिसातून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पावसाचे अंदाज जातात. ते पाठवणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम, आम्ही चौघं एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो. भाऊंच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथे काही जात नाही. मी एखाद्या आकड्याला नुसतं 'क' नाव दिलं की, "याचं बारसं राह्यलं काय?" नावाला अवतरणचिन्हं घातली नाहीत की, "उघडं काऊन सोडलं त्याले?"

हा निव्वळ जाच आहे, असं माझं ठाम मत होतं. त्याच तोऱ्यात एकदा 'लोणार जुने' हे फोल्डर पुसायचा हुकूम मी अवतरणचिन्हांशिवाय लिहिला आणि भाऊंना न दाखवता चालवला. कॉम्प्युटरनं मधली मोकळी जागा पाहून दोन वेगळी नावं धरली आणि चालू कामाचं अख्खं 'लोणार' पुसून टाकलं. भाऊंनी राखीव प्रतीतून ते परत आणलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लोणारले एक खड्डा हाये ना बे. दुसरा तू पाडून राह्यला काय?"

आता गेलेली मर्जी परत मिळवणं भाग होतं. सामायिक फोल्डरमध्येच मला एक जुनी फाइल सापडली. ओळी कशाही, नावं अ, ब, क. मी बसून सगळ्यांची बारशी केली, अवतरणचिन्हं घातली, ओळी सरळ केल्या आणि शाबासकी घ्यायला भाऊंसमोर उभा राहिलो.

भाऊंनी पट्टी उचललीच नाही.

"कोणं सांगतलं होतं तुले?"

"भाऊ, नियमात बसत नव्हती..."

"वसंताची हाये ते."

वसंता रोहिणखेडचा. भाऊंनी आणि त्यानं मिळून हे काम सुरू केलं होतं. तो वारला, म्हणून मला इथे नोकरी लागली.

"रोज भांडलो म्या त्याच्याशी या ओळीपायी," भाऊ म्हणाले. "आयकलं नाई कधी."

मी जुनी प्रत शोधली आणि वाकड्यातिकड्या ओळींसकट परत ठेवली. भाऊ खुर्ची ओढून वरून खाली सावकाश वाचत गेले. एका ओळीआधी चांगल्या सात मोकळ्या जागा होत्या, बोट बटणावर तसंच राहून गेल्यासारख्या. तिथे ते थांबले, आणि हसले.

"हे पाह्य," म्हणाले, "इथं म्या त्याले हाक मारली असन. जेवाले चाल म्हणून."