एका डिस्कवरचं अख्खं लग्न

"अख्खं लग्न एका डीव्हीडीवर बसवतो, तू फक्त बघत राहा," विनीतने आईला सांगितलं तेव्हा काळाचौकीच्या त्या घरात त्याच्याएवढा हुशार माणूस दुसरा नव्हता. वडील होते, रघुनाथराव, पण त्यांना रिमोटचे सेल कुठल्या बाजूने घालायचे हे अजून कळलेलं नाही.

त्याच्या आईला, मालनताईंना, स्वतःच्या लग्नातलं खरं एकच पाहायचं होतं. त्यांचे वडील, आबा. लग्नानंतर चार महिन्यांत ते गेले. फोटो दोनच, आणि दोन्हींत चेहरा हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखा. पण कॅसेटमध्ये, मंगलाष्टकांच्या वेळी, आबा डोळे पुसतात. गिरणी बंद पडली तेव्हाही न रडलेला माणूस! व्हीसीआर होता तोवर मालनताई दोन-तीनदा बघायला बसल्या, पण तिथे आलं की त्यांचेच डोळे भरायचे आणि बघायचं राहून जायचं. "मी आबांना रडवून आले रे," असं त्या तीस वर्षं म्हणत आल्या.

विनीतने तिन्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. भरले सहा तास.

"आई, थोडं कापू? आहेरच दोन तास चाललाय."

"आहेराला आलेला एकही माणूस कापायचा नाही. उद्या विचारतील, आम्ही कुठे गेलो?"

मग काय, विनीतने सगळं वऱ्हाड एका डिस्कवर कोंबलं.

लग्नाच्या वाढदिवसाला पाहुणे जमले. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडाल्या, आणि पडद्यावरची माणसं चौकोनांत फुटली. मोरीला लादी बसवावी तसं वऱ्हाड दिसायला लागलं.

"यात मी कुठला?" रघुनाथरावांनी विचारलं.

"तो डावीकडचा चौकोन," मावशी म्हणाल्या. "नाही, तो समईचा वाटतो."

आबांचे तर तीन तपकिरी चौकोन आणि वर एक पांढरा, बहुधा टोपी. मालनताई चहा टाकायला आत गेल्या. विनीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुण्यांत फणसवाडीचे कास्मीर अंकल होते. या लग्नाचं शूटिंग त्यांचंच.

"सहा तास एका डिस्कवर? अरे बाबा, दहा बाय दहाच्या खोलीत सहा पाहुणे आले तर पाय पसरतात. साठ आले तर? आणि जो हलतो त्याला जागा जास्त लागते. अक्षतांचा तर दाणा न् दाणा हलतो. मूळ फाइल ठेवलीस का उडवलीस?"

उडवायची होती. कंटाळा केला म्हणून राहिली. विनीतचा आळस घराण्याच्या कामी आला तो पहिल्यांदाच.

आठवडाभर अंकल रोज फणसवाडीहून यायचे. आधी कॅसेटची खरखर पुसून घेतली. मग लग्नाच्या चार डिस्क केल्या, म्हणजे आहेरवालेही खूश. "मशीनला दोनदा फिरू दे," ते म्हणाले. "पहिल्यांदा नुसतं बघेल गर्दी कुठे आहे ते. दुसऱ्यांदा त्या हिशोबाने जागा वाटेल." या माणसाच्या पाया पडावं असं विनीतला मनापासून वाटलं.

रविवारी घरचेच बसले, शेजारी अंकल. अक्षता उडाल्या. चौकोन एकही नाही. आबा दिसले, टोपीसकट, चक्क हसताना. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक हात आला, जाड चौकोनी अंगठीचा, आणि त्याने मूठभर अक्षता भिरकावल्या त्या थेट आबांच्या डोळ्यात. आबांनी डोळे पुसले आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. ते मंगलाष्टकातलं नव्हतं.

"रडले नव्हते," मालनताई हळूच म्हणाल्या. "विनीत, परत लाव."

चार वेळा लावलं. चौथ्यांदा त्या हसून हसून रडल्या.

"शिवी घातली बघ! अगदी अस्सेच होते आबा. तीस वर्षं मी उगाच जिवाला लावून घेतलं." त्यांनी अंकलचा हात दोन्ही हातांत धरला. "कास्मीरभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? माझे आबा परत आणलेत तुम्ही."

बोलता बोलता त्यांच्या बोटांना अंगठी लागली. जाड. चौकोनी.

"लग्नात कोणी अक्षता हातात दिल्या तर नको कसं म्हणणार?" अंकल पुटपुटले. "कॅमेरा होता ना एका हातात, नेम चुकला."

मालनताईंनी हात सोडला नाही. "जेवल्याशिवाय जायचं नाही," म्हणाल्या आणि कोलंबी साफ करायला उठल्या.

अंकल विनीतच्या कानाशी वाकले.

"एवढं क्लिअर नको होतं करायला रे. चार चौकोन ठेवले असते तर चाललं असतं."