चाळीस लाख प्रत्यक्षदर्शी

राष्ट्राची खरी ओळख त्याच्या विजयांवरून होत नाही. विजय काय, कुणालाही मिळतात. पराभवाची त्याने काय व्यवस्था लावून ठेवली आहे, यावरून राष्ट्र ओळखावं. या कसोटीवर ज्या देशाची ही हकीकत आहे तो जगातल्या पुढारलेल्या देशांत मोडतो, आणि त्याचं श्रेय निर्विवादपणे तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला जातं.

हा संघ स्थापनेपासून अकरा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरला. पैकी पहिल्या दहांचा इतिहास महासंघाने एका जाडजूड ग्रंथात प्रसिद्ध केला आहे आणि तो वाचताना ऊर भरून येतो. पहिल्या स्पर्धेत आपण हरलो, पण आपल्या जर्सी सर्वांत स्वच्छ राहिल्याचं यजमानांनी बोलून दाखवलं. (चेंडूजवळ फारसं कुणी न गेल्यामुळे हे साधलं.) दुसऱ्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांनी नऊ गोल केले, परंतु दहावा काही आपण होऊ दिला नाही. तिसऱ्या स्पर्धेला संघ पोचला तेव्हा मैदानावरचे मांडव उतरवण्याचं काम चालू होतं. ग्रंथात या स्पर्धेपुढे 'अपराजित' असा शेरा आहे. पाचव्या स्पर्धेत आपल्या खेळाडूने देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. तो कोणत्या बाजूला केला याची चर्चा ग्रंथकारांनी परिशिष्टात ढकलली आहे, आणि पुस्तक जाड झाल्यामुळे परिशिष्ट छापायचं राहून गेलं. बाकीचे पराभव सन्मान्य, दुर्दैवी आणि शिकवून जाणारे अशा तीन वर्गांत विभागले आहेत. शिकवून जाणारे सर्वांत जास्त आहेत.

जनतेनेही आपल्या परीने व्यवस्था लावली होती. संघावर दुसरा गोल झाला की घरातला कर्ता माणूस उठायचा, टीव्ही बंद करायचा आणि "चला, पानं घ्या," म्हणायचा. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. देशभर एकाच वेळी पानं मांडली जायची आणि थोड्याच वेळाने एकाच वेळी भांडी घासली जायची, त्यामुळे पाण्याच्या टाक्या तळाला जायच्या. पाणीपुरवठा खात्याने तर सामन्याच्या दिवशी पंप आधीच चालू ठेवायचा नियम केला होता. सरकारी वाहिनीही लोकमताचा आदर करणारी. दुसऱ्या गोलानंतर ती मधमाश्यापालनावरचा माहितीपट लावायची. आज या देशात मधमाश्यांविषयी जेवढी जाण आहे तेवढी क्वचितच कुठे सापडेल.

या संघात ओंडका नावाचा एक बचावपटू होता. नाव अर्थात प्रशिक्षकाने ठेवलेलं. पळण्यात त्याला गती नव्हती, पण वाटेत आडवा पडून राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एरवी तो पाणीपुरवठा खात्यात होता; घरोघर जाऊन मीटर वाचायचा. संघातल्या सगळ्यांनाच अशा पोटापाण्याच्या नोकऱ्या होत्या, आणि फुटबॉल हा त्या नोकऱ्यांतून मिळणारा विसावा होता.

ओंडक्याचे वडील शिंपी. देशाची रीत मोडणारा हा एकच माणूस. दुसरा गोल होवो, पाचवा होवो, नववा होवो, म्हातारा शिलाईयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून शेवटच्या शिट्टीपर्यंत सामना बघायचा. वाहिनीवर मधमाश्या सुरू झाल्या की परदेशी वाहिनी शोधून काढायचा, तिथली भाषा कळत नसली तरी. शेजारी विचारायचे, काका, कशाला जिवाला त्रास? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "पोरगं अजून मैदानात आहे ना? मग मी कसा उठू?"

ओंडक्याला हे ठाऊक होतं. सहा गोलांनी मागे असताना शेवटची वीस मिनिटं लोक कशाच्या जोरावर खेळतात, यावर महासंघाने एकदा तज्ज्ञांचं व्याख्यानही ठेवलं होतं. ओंडका त्या व्याख्यानात झोपला होता. त्याला आपलं उत्तर माहीत होतं: देशात एक टीव्ही चालू आहे.

मग अकरावी स्पर्धा आली. पहिल्याच सामन्यात मध्यंतरापूर्वी दोन गोल झाले आणि देश रीतीप्रमाणे पानावर बसला. पुढचं जे घडलं त्याला महासंघाची कोणतीही तयारी नव्हती. प्रतिस्पर्ध्यांनी दया येऊन आपले बरे खेळाडू बाहेर बसवले. त्यांच्या एका नवख्याने चेंडू मागे स्वतःच्या गोलरक्षकाकडे दिला, तेव्हा गोलरक्षक बुटाची नाडी बांधत होता. मग आपला एक गडी त्यांच्या गोलसमोर घसरून पडला. तो नेहमीच पडायचा, पण इतक्या पुढे जाऊन प्रथमच पडला आणि पंचांनी पेनल्टी दिली. दोन-दोन. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला तेव्हा प्रशिक्षकाने सगळ्यांनाच पुढे पिटाळलं. उभ्या कारकिर्दीत ओंडका त्या टोकाला पहिल्यांदाच जात होता. परक्याच्या लग्नात माणूस उभा राहतो तसा तो एका कडेला उभा राहिला. तेवढ्यात त्याचा मोजा घसरला. तो वर ओढायला ओंडका वाकला आणि पाठीत काहीतरी सणकून बसलं. कळ मस्तकात गेली. तो सरळ व्हायच्या आत अख्खा संघ त्याच्या अंगावर होता.

त्या ढिगाच्या तळाशी, जीव घुसमटत असताना, ओंडक्याच्या मनात एकच गोष्ट आली. बाबांनी पाहिलं असेल.

विमानतळावर स्वागत समिती हजर होती. 'हरलात तरी आमचेच' या तिच्या कायमच्या फलकावरचा पहिला शब्द रंगवून झाकला होता, त्यामुळे 'तरी आमचेच' एवढंच वाचता येत होतं. मंत्रिमहोदयांकडे सांत्वनाचं भाषण सोडून दुसरं भाषणच नव्हतं. त्यांनी तेच वाचलं आणि जमाव गहिवरला.

ओंडका तिथून थेट घरी गेला. वडील यंत्रावर बसून एका पँटची शिवण उसवत होते. ओंडक्याने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बाबा, पाहिलात ना?"

"पाहिला तर," वडील मान वर न करता म्हणाले. "डाव्या पायाने काय हाणलास रे. गोलरक्षक बघतच राहिला."

ओंडका पिशवी उचलून आत गेला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही; प्रवासाने पोट बिघडलं असेल, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. देशासाठी हरताना त्याला कधी रडू आलं नव्हतं. आता मात्र आलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो मीटर वाचायला बाहेर पडला. ज्या घरांतून पूर्वी "कुत्र्याला बांधतो, थांबा" एवढंच ऐकू यायचं, तिथे आता त्याला बसायला खुर्ची मिळू लागली. आणि प्रत्येक घरात त्याला त्याचा गोल ऐकवण्यात आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तो डोक्याने गेलेला पाहिला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तो मैदानाच्या मध्यापासून पाहिला होता. एका बाईंनी हवेत उलटी उडी मारून दाखवण्याची तयारी दर्शवली, पण सूनबाईंनी आवरलं. "आम्ही त्या दिवशी टीव्ही बंद केलाच नाही," असं झाडून सगळे सांगत. त्या दिवशीही टाक्या तळाला गेल्याचं ओंडक्याला खात्यातून कळलं होतं. तो मीटर वाचायचा, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी जायचा.

प्रश्न उभा राहिला तो पुतळ्यामुळे. मुख्य चौकात ओंडक्याचा पुतळा उभारायचं ठरलं आणि शिल्पकाराने विचारलं की कोणता पाय वर घ्यायचा. महासंघाने एका निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली गोल-निश्चिती समिती नेमली. सामन्याचं चित्रीकरण मागवण्यात आलं. यजमान देशाचा कॅमेरावाला अनुभवी माणूस. आपला सामना म्हणून त्याने कॅमेरा आपल्याच गोलवर रोखून ठेवला होता. त्यामुळे चित्रीकरणात आपला गोलरक्षक एकटाच दिसतो. तो बराच वेळ मान खाजवतो आणि मग एकाएकी दोन्ही हात वर करून रडू लागतो. गोलरक्षकाची साक्ष झाली. त्याने सांगितलं की खेळताना तो चष्मा काढतो आणि पलीकडचं त्याला कधीच दिसलेलं नाही. बाकीचे ओरडले म्हणून तोही ओरडला.

समितीने जनतेकडून अर्ज मागवले. चाळीस लाख प्रत्यक्षदर्शी पुढे आले. (देशाची लोकसंख्या अडतीस लाख आहे. वरच्या दोन लाखांबाबत समितीने उदार धोरण स्वीकारलं.) बहुमत डाव्या पायाच्या बाजूने होतं.

नियमाप्रमाणे ओंडक्यालाही बोलावण्यात आलं. चेंडू पाठीला लागून गेला, असं त्याने सांगितलं. न्यायमूर्तींनी त्याला अतिशय सौजन्याने विचारलं की चेंडू जाळ्यात जाताना त्याने स्वतः पाहिला होता काय.

"नाही साहेब. मी खाली वाकलो होतो."

म्हणजे तो प्रत्यक्षदर्शी नव्हता. त्याची साक्ष 'ऐकीव' या सदरात ठेवण्यात आली, आणि चाळीस लाखांच्या डोळ्यांवर एका माणसाच्या पाठीने अविश्वास दाखवू नये, अशी समज देऊन त्याला मोकळं केलं.

शेवटचा साक्षीदार म्हणून शिंपीकाकांना आणलं. सामना शेवटपर्यंत बघणारा माणूस अशी त्यांची ख्याती असल्याने डाव्या पायावर त्यांच्या तोंडून शिक्कामोर्तब करून घ्यायचं होतं. तसं ते करणारही होते. पण समोरच्या बाकावर लेक मान खाली घालून बसलेला त्यांना दिसला.

"मी नाही पाहिला गोल," ते म्हणाले. "दुसरा गोल झाला आणि आमचा हा कमरेवर हात ठेवून उभा दिसला, एकटाच. इतकी वर्षं बघत आलो, पण त्या दिवशी नाही बघवलं. उठलो आणि बंद केला टीव्ही. हा विचारत होता, तर त्याच्याशीही खोटं बोललो."

समितीच्या अहवालात ही साक्ष नाही. 'वयोमानामुळे साक्षीदार भावनावश झाले' एवढंच आहे. पण बातमी फुटायची ती फुटली. गोल न पाहिलेला माणूस देशात निघाला, आणि तोही ओंडक्याच्या घरात. लोकांना धक्का बसला. गिऱ्हाइकं कमी झाली. ज्याला देशाचा गोल दिसला नाही त्याला कापडावरची खडूची रेघ काय दिसणार, असं उघड बोललं जाऊ लागलं. निवृत्त मास्तर तर आपली अर्धी शिवलेली विजार परत घेऊन गेले.

यथावकाश पुतळा उभा राहिला. डावा पाय वर, छाती पुढे, मोजे व्यवस्थित गुडघ्यापर्यंत. अनावरणाला व्यासपीठावर महासंघ, मंत्री, समिती आणि मधोमध ओंडका होता. शिंपीकाकांना निमंत्रण नव्हतं, पण ते आले होते. दोरीच्या पलीकडे, शेवटच्या रांगेत एका मोडक्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी रिकाम्या ठेवल्या होत्या.

मंत्रिमहोदयांनी डाव्या पायाची थोरवी सांगायला सुरुवात केली तेव्हा ओंडका उठला. लघुशंकेला जात असावा, असं समजून कुणी अडवलं नाही. तो दोरीखालून वाकून गेला आणि वडिलांशेजारी बसला.

मग म्हातारा म्हणाला, "आता सांग. पहिल्यापासून सांग."

ओंडक्याने सांगितलं. नाडी बांधणारा गोलरक्षक, घसरून पडलेला गडी, कॉर्नर, मोजा. वडील मध्येच "मग?" म्हणायचे आणि तो पुढे सांगायचा. चेंडू पाठीत बसला इथपर्यंत आल्यावर वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"लागलं का रे?"

गोल झाल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. "लागलं होतं," तो म्हणाला. "काळंनिळं झालं होतं."

म्हाताऱ्याने हात मागे नेला आणि त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवला. उभा जन्म पाठींची मापं घेतलेला हात. तो बरोबर जागेवर पडला. समोर टाळ्यांचा कडकडाट झाला, पडदा सरकला आणि डावा पाय उन्हात चमकू लागला. या दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं, त्यामुळे पुतळ्याच्या अनावरणाचेही ते प्रत्यक्षदर्शी ठरले नाहीत.

वाचकांना यातलं काहीच नव्याने सांगायला नको होतं, कारण तो सामना आपण पाहिलाच होता. त्या दिवशी आपण कुठे बसलो होतो, हेसुद्धा आपल्याला आठवत असेल. ज्यांनी दहा पराभवांचा मजकूर भरभर चाळून, शेवटी काय झालं एवढ्यासाठी थेट इथे उडी मारली, त्यांनीही संकोच बाळगू नये. समितीचं कार्यालय अजून उघडं आहे, आणि अर्जात कोणता पाय एवढंच विचारतात.