पाचवा खट्

रोपवाटिकेचा मालक दहा वाजता बुटक्याला न्यायला येणार होता आणि आजोबा सहापासून त्याला खरारा करत होते. बुटक्या म्हणजे आजोबांचं तट्टू. मुलाने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. तट्टू जिना चढत नाही हे आजोबांनाही कळत होतं, पण म्हणून त्याला देऊन टाकायचं, हे काही केल्या गळी उतरत नव्हतं. सुनेकडून आशा नव्हतीच. गेल्या आठवड्यात बुटक्याने तिचा गुलाब काट्यांसकट फस्त केला होता.

मालक आला तो मोटारीमागे कुंड्यांनी भरलेले चार छोटे गाडे घेऊनच. "माझ्या वाफ्यांमधून मोटार जात नाही. याने एवढे ओढले, की आजच नेतो."

"चार ना? झोपेत ओढील," आजोबा बोलून गेले आणि मग गप्प राहवेना. "वाऱ्या-थंडीच्या डोंगरातली जात आहे ही. आधी मीठ वाहिलं यांनी, मग टपालाच्या थैल्या. खाणी निघाल्या तेव्हा यांना खाली उतरवलं. बोगदे इतके ठेंगणे, की मोठा घोडा मावायचा नाही. बारा वर्षं आम्ही दोघं..."

"बाबा, त्यांना घाई आहे," मुलगा म्हणाला.

गाडे मोटारीपासून सोडवून बुटक्याच्या मागे गाड्याला गाडा जोडला. प्रत्येक आकडा बसताना खट् आवाज झाला. असे चार झाले आणि बुटक्या मुकाट्याने चालू लागला. मुलाने लगबगीने पुढे होऊन फाटकाची कडी काढली. खट्!

बुटक्या जागच्या जागी थांबला. मालकाने पुढून ओढलं, मुलाने मागून ढकललं. गाजर दाखवलं, तर बुटक्याने ते खाल्लं आणि वर मालकाची गवती टोपीही खाल्ली. पाऊल मात्र उचललं नाही.

आजोबांना कारण ठाऊक होतं. तोंड बंद ठेवलं की बुटक्या राहणार होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तोंड बंद ठेवलं.

"जनावर मठ्ठ आहे हो," मालक टोपीच्या उरलेल्या कडेकडे बघत म्हणाला.

"मठ्ठ?" आजोबा उसळले. "अहो, मोजतो तो! खाणीत मालाच्या चार वाघिणी ओढायचा करार होता त्याचा. आकड्याचा पाचवा खट् ऐकला, की मुकादमाच्या बापाला भीक घालायचा नाही. या फाटकाचा खट् पाचवा झाला!"

बोलल्यावर त्यांना कळलं, आपण काय केलं ते. मालकाचा चेहरा मात्र उजळला. "असं होय? मग सोपं आहे. सोडा सगळं, पुन्हा जोडू. फाटक उघडंच आहे."

पुन्हा चार खट् झाले. सगळे श्वास रोखून उभे राहिले. बुटक्या निघाला, फाटकापर्यंत पोचला. आजोबांनी तोंड फिरवलं. त्यांना ते बघवेना.

खट्!

बुटक्या थांबला. पायरीवर सून उभी होती, हातात आजोबांचा खाणीतला जुना, कडीचा जेवणाचा डबा. "अगं बाई! सामान बांधत होते, तर कडी आपोआपच लागली."

"माझ्याकडे दिवसभर कात्र्यांची खटखट असते," मालक हताशपणे म्हणाला. "हा काय कामाचा?" त्याने गाडे मोटारीला जोडले आणि तो बोडक्या डोक्याने निघून गेला.

मुलगा मटकन पायरीवर बसला. "आता याला तिसऱ्या मजल्यावर ठेवू का?"

"अहो, त्याच इमारतीत तळमजला रिकामा आहे की. मागे परसही आहे," सून म्हणाली. "गुलाब मात्र मी कुंपणाच्या आत लावणार."

आजोबांनी तिच्या हातातला डबा घेतला. बारा वर्षं सोबत वागवलेला, नंतर आठ वर्षं माळ्यावर पडलेला. त्यांनी कडी उघडली आणि पुन्हा लावून पाहिली. कडी गंजून इतकी आखडली होती, की डबा गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय काही लागेना.