निंबाजी हवालदाराच्या नंबराची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. श्रीटॉवर प्रसन्न, निदान गच्चीवर गेल्यास तरी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन मासी, एका दौलतीत जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहितो. दौलतीचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले म्हणजे कोणी तरी येऊन पुसणार की हे तुम्हांस कोणी सांगितले, आणि ज्याने सांगितले त्यास लेकरेबाळे आहेत. सबब नाव नाही. तर त्या दौलतीचे धनी श्रीमंत, ते शूर होते, न्यायी म्हणवीत, आणि संशयी तर ऐसे की आरशात पाहिले तरी आधी मागे कोण उभा आहे ते पाहावे आणि मग आपले तोंड. ताट वाढले म्हणजे पहिला घास मांजरास, दुसरा दिवाणास, आणि उरले ते आपणांस. मांजर बहुत पुष्ट होते.

ऐसे असता एके दिवशी श्रीमंतांच्या चित्तात आले की चाकरांच्या हाती मोबाइल आले, आणि हरएक जण फोन वाजला की उठोन भिंतीकडे तोंड करोन हळू बोलतो, तर हे काय बोलतात आणि कोणाशी बोलतात? मग दिवाण नारो भास्कर यांस पाचारण केले आणि पुसले जे, "पंत, आमच्या माणसांचे नंबर आपल्यापाशी आहेत काय?" दिवाण बोलिले, "सरकार, आजच एकेकास विचारून घेतो." तेव्हा श्रीमंत हसले, आणि ते हसणे पाहून दिवाणांनी पागोटे सावरिले. श्रीमंत बोलिले, "विचारल्यावर खरा सांगेल तो चोर कसला? माणसास विचारूच नका. परस्पर त्याच्या फोनास विचारा. फोनास खोटे बोलता येत नाही."

हे वाक्य दिवाणांस फार आवडले. आम्हांस तेव्हाच शंका आली होती, परंतु आम्हांस पुसतो कोण? दिवाण तडक अ‍ॅपच्या कारखान्यात गेले. तेथे मुख्य रेवाबाई सबनीस म्हणोन होत्या, दौलतीची सर्व अ‍ॅप त्यांच्या हातची. त्यांस हुकूम सांगितला की ऐसे अ‍ॅप करणे, जे फोनात शिरताच त्याचा नंबर आणि कंपनी गुपचूप काढून दरबारच्या पडद्यावर लावील. रेवाबाई बोलिल्या, "पंत, फोनाला आपला नंबर ठाऊक असतोच असे नाही. कंपनीने सिमवर लिहून ठेवला असेल तर मिळतो, आणि बहुतेक कंपन्या लिहीत नाहीत. नंबर कोणाचा हे कंपनीच्या घरी ठाऊक, फोनाच्या नाही." दिवाण बोलिले, "ज्याचा नंबर त्यासच ठाऊक नाही, हे पोरखेळ आम्हांस सांगू नका. आणि तुम्हांस हे इतके बारीक कसे ठाऊक?" या शेवटल्या प्रश्नाने बाई चपापल्या. त्या दरबारात जो अधिक जाणे तो अधिक संशयित, हे त्यांस कळत होते. मग त्यांनी मान डोलाविली आणि अ‍ॅप केले. आम्ही कोणावर आळ घेत नाही, परंतु ती मान डोलली नसती तर बरे होते.

अ‍ॅप जाहले तेव्हा दिवाण पाहावयास आले. ज्या फोनात नंबर मिळाला नाही तेथे बाईंनी सरकारी रिवाजाप्रमाणे 'निरंक' ऐसे घातले होते. दिवाणांचे कपाळास आठ्या पडल्या. बोलिले, "निरंक काय? निरंक म्हटले म्हणजे आम्ही काम केले नाही ऐसे दिसते. तेथे 'लपविला' घाला." बाई बोलिल्या, "पण लपवला कोणी?" दिवाण बोलिले, "ते पुढे पाहता येईल. 'लपविला' म्हटले की लपविणारा आपोआप सापडतो." आणि कंपनीच्या जागी त्यांनी 'सेवा' हा शब्द घालावयास लाविला, कारण तो दरबारास शोभतो. या रकान्यात फोनास त्या घडीस ज्याच्या टॉवरची रेंज असेल त्याचे नाव यावयाचे. सिम कोणाचे ही गोष्ट वेगळी आणि रेंज कोणाची ही वेगळी, हे बाई सांगणार होत्या, परंतु दिवाण तोवर जिना उतरले होते.

मग दवंडी पिटली की ज्याचे फोनात हे अ‍ॅप नाही त्यास किल्ल्यावर थारा नाही. फोनाचे आत एक द्वारपाल असतो, तो भलत्यास आत घेण्यापूर्वी धन्यास विचारतो की, या अ‍ॅपास तुमच्या फोनाची माहिती पाहू द्यावी काय? तो येथेही विचारता जाहला. परंतु दवंडीवाला शेजारी भाला रोवून उभा होता, त्यामुळे सर्वांनी राजीखुशीने 'परवानगी द्या' येथेच बोट ठेविले.

मग दरबार भरला आणि पडद्यावर नावे झरझर उमटू लागली. आबदारखान्याचा कारभारी, क्रमांक लपविला. फडावरचे कारकून, क्रमांक लपविला. पुजारी, क्रमांक लपविला. श्रीमंत मांडीवर थाप मारोन बोलिले, "पाहा! आम्हांस ठाऊकच होते!" आणि ते बहुत दिवसांनी इतके आनंदित दिसले. संशयी माणसास संशय खरा ठरल्यासारखे सुख नाही. इतक्यात पडद्यावर एक नाव आले. निंबाजी खुटवड, खालच्या दरवाजाचा हवालदार. क्रमांक: लपविला. सेवा: पलीकडील दौलत.

आता पलीकडील दौलत म्हणजे खिंडीपार जे राज्य आहे, ज्याशी तीन पिढ्यांचे वैर, ते. खालचा दरवाजा खिंडीच्या तोंडाशीच. निंबाजीचा बाप याच दरवाजावर होता, आणि निंबाजी स्वतः एकदा गनीम आला असता खांद्याने दरवाजा धरून राहिला, तो खांदा तेव्हापासोन उतरला तो उतरलाच. परंतु पडद्यावर खांदा दिसत नाही. श्रीमंत बोलिले, "नंबर लपवितो आणि सेवा त्यांची करितो. आणि आमच्या दरवाजाच्या किल्ल्या याचे कमरेस!" हुकूम जाहला की त्यास आणावे, आणि दिवस मावळण्यापूर्वी टकमक करावे, म्हणजे कड्यावरून लोटावे.

निंबाजीस आणिले. त्याचा फोन काढोन घेतला आणि तबकात ठेविला. श्रीमंत बोलिले, "नंबर का लपविलास?" निंबाजी बोलिला, "म्या न्हाई लपिवला, सरकार. मला म्हाईतच न्हाई." "आपला नंबर आपणांस ठाऊक नाही?" "मी मला कशाला फोन करू, सरकार?" यावर कोणी तरी हसले, आणि श्रीमंतांनी त्या बाजूस पाहिले, आणि मग तेथे कोणीच हसले नव्हते ऐसे जाहले.

तेव्हा रेवाबाई पुढे आल्या. बोलिल्या, "सरकार, याने काही लपवले नाही. सिमवर नंबर लिहिलेलाच नाही, आणि रिकाम्या जागी 'लपविला' लिहिणारे आम्हीच. आणि सेवा म्हणजे याची चाकरी नव्हे, नुसती रेंज. खालच्या दरवाजाशी पलीकडच्या टॉवरची रेंज जोरात येते. आत्ता पाहा, फोन इथे वर आहे." पाहिले तो पडद्यावर निंबाजीच्या नावापुढे आपलीच दौलत उमटली होती. बाईंस वाटले की सुटला. परंतु श्रीमंत बोलिले, "म्हणजे खाली त्यांचा आणि वर आमचा! हा तर दुतोंडी!" आणि कड्यावरून लोटणारे उठले, त्यांच्यापुढे चालणारे मशालजीही उठले. दिवसा मशाली कशास, हे आम्ही पुसले नाही.

मग रेवाबाईंनी धीर केला, कारण आता धीर न करण्यासारखे काही उरले नव्हते. बोलिल्या, "सरकार, ज्याच्यावर आपला पूर्ण भरवसा आहे त्याचा फोन खाली पाठवा." श्रीमंतांनी बहुत वेळ विचार केला. भरवशाचा माणूस शोधण्यात इतका वेळ गेला की दिवाणांस वाईट वाटले. शेवटी दिवाणांचाच फोन जासुदाबरोबर खाली धाडिला, आणि सर्व जण पडद्याकडे पाहात राहिले, आणि जासूद दरवाजाशी पोहोचला असेल नसेल तोच उमटले. नारो भास्कर, दिवाण. क्रमांक: लपविला. सेवा: पलीकडील दौलत. दिवाण घामाघूम होऊन बोलिले, "सरकार, तो शब्द खोटा आहे! तो 'लपविला' माझ्याच तोंडचा आहे!" ऐसे जन्मात प्रथमच ते खरे बोलिले, तेही गळ्याशी आल्यावर.

श्रीमंत नरमले, परंतु सोडतील कसे? बोलिले, "सेवेचे राहो. नंबराचे काय? नंबर नाही ऐसा माणूस आमच्या दरवाजावर नको." निंबाजी बोलिला, "सरकार, माझ्या बायकूला पाठ हाय. तिचा मला पाठ हाय." मग त्याचा फोन त्यास दिला, आणि आवाज सर्वांस ऐकू येईल ऐसा ठेवविला. पलीकडून त्याची बायको ठकूबाई बोलिली, "का वो? कुठं हायसा? वर न्हेलं म्हणं तुमास्नी." निंबाजी बोलिला, "माझा नंबर सांग." ती बोलिली, "आता गं बया, इसरलासा व्हय?" आणि तिने दहाच्या दहा आकडे एका दमात म्हणून दाखविले. रेवाबाईंनी त्या नंबरावर चार अंकी ओटीपी धाडिला, आणि निंबाजीच्या हातातील फोन टिंग वाजला, आणि त्याने ते आकडे एकेक करून वाचिले, आणि ते बरोबर ठरले.

तरीही श्रीमंत बोलिले, "या बाईस इतका पाठ कसा? हिला कोणी पढविले आहे." फोन चालूच होता. ठकूबाईने ऐकिले. कोण बोलतो हे तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी ती थांबली असती ऐसे आम्हांस वाटत नाही. बोलिली, "कोण बोलतंय त्ये? पढवायचं काय त्यात? ह्यो माणूस रोज रातीचा खिंडीत उभा ऱ्हातो. जित्ता हाय का न्हाई त्ये कळाया मी ह्योच नंबर लावती. पाठ न्हाई हुनार तर काय?" श्रीमंतांनी हात हलविला, आणि लोटणारे माघारी आपापल्या जागी बसले. माफी मागितली नाही. मागतील ऐसे कोणास वाटलेही नव्हते.

मग नवा हुकूम जाहला. पाठीमागून फोनास विचारणे बंद, 'लपविला' शब्द बंद, सेवेचा रकाना बंद. अ‍ॅपने आता माणसासच नंबर विचारावा, त्याने आपल्या हाताने घालावा, ओटीपी यावा, तो जुळला तर दरवाजा उघडावा आणि न जुळला तर कोणीही असो, उघडू नये. चेहरा पाहून सोडणे तर मुळीच बंद, कारण बहुरूपी बहुत जाहले. हुकूम शहाणपणाचा होता. परंतु दुसऱ्याच दिवशी श्रीमंतांच्या चित्तात आले की, हुकूम दिला खरा, तो पाळतात की नाही हे कोणी पाहिले? मग ते कांबळे पांघरून, कोणास न सांगता चोरवाटेने किल्ल्याखाली उतरले आणि भर दुपारी खालच्या दरवाजासमोर येऊन उभे राहिले आणि कडी वाजविली.

दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दाराच्या फटीतून, निंबाजीने पाहिले आणि तत्काळ ओळखिले. मुजरा केला आणि बोलिला, "नंबर?" श्रीमंत संतोष पावले. बोलिले, "शाबास! आता उघड." निंबाजी बोलिला, "नंबर, सरकार?" श्रीमंतांनी कांबळे मागे टाकिले आणि मुख दाखविले. निंबाजी बोलिला, "म्या वळखलं की. पर चेहऱ्यावर सोडायचं न्हाई म्हणून हुकूम हाय." मग श्रीमंतांनी आपला फोन काढिला आणि त्यात आपला नंबर शोधू लागले. सेटिंगमध्ये पाहिले, तेथे नंबराची जागा कोरी. त्यांनी आपला नंबर कधी कोणास दिला नव्हता. राणीसाहेबांस नाही, दिवाणांस नाही. कोणास कधी फोन केला नव्हता, कारण केला म्हणजे त्याच्याकडे नंबर जातो. चोरवाट आतून उघडते, बाहेरून नाही. ऊन चढले होते आणि श्रीमंत आपल्याच दरवाजाबाहेर उभे होते.

निंबाजीस दया आली. बोलिला, "सरकार, असं करा. माझ्या फोनवर मिस कॉल द्या. म्हंजी तुमचा नंबर हितं येतोय, मी तुमास्नी वाचून दावतो." श्रीमंत दचकले. "तुझ्याकडे आमचा नंबर? आणि तोही पलीकडच्यांच्या टॉवरवरून फिरून?" निंबाजी बोलिला, "त्यास्नी काय ठावं कुणाचा हाय त्यो? मला ठावं असंल, पर मी कुणाला सांगतोय?" श्रीमंतांनी खिंडीकडे पाहिले, दरवाजाकडे पाहिले, निंबाजीच्या उतरलेल्या खांद्याकडे पाहिले. निंबाजीने आपला नंबर दिंडीतून मोठ्याने सांगितला, एकदा चुकला, मग बायकोस विचारून पुन्हा सांगितला. श्रीमंतांचे बोट बहुत वेळ हवेत राहिले आणि मग त्यांनी दाबिले. आत फोन वाजला आणि थांबला. निंबाजीने आकडे वाचिले, श्रीमंतांनी ते अ‍ॅपमध्ये घातले, ओटीपी आला आणि दरवाजा उघडला. श्रीमंत आत आले, आणि वर चालते जाहले.

तेव्हापासोन त्यांचा नंबर साऱ्या दौलतीत एकट्या निंबाजीपाशी आहे, ज्यास ते कड्यावरून लोटणार होते. म्हणतात की मधूनमधून रात्री त्यास फोन येतो. काम काही नसते. "दरवाजा बंद आहे ना?" इतके पुसतात, आणि निंबाजी म्हणतो, "हाय, सरकार. झोपा आता." मग ते झोपतात.

येणेप्रमाणे जे जाहले ते लिहिले. श्रीमंतांचा संशय गेला ऐसे म्हणवत नाही. तो आहे तैसाच आहे. परंतु ज्याचा नंबर कोणासच पाठ नाही त्यास आपल्या घराचे दारही उघडत नाही, इतके त्या दौलतीत कळो आले. बहुत काय लिहिणे? इति.