दोन थेंब तेल, स्वल्पविराम

फोनमध्ये बायकोच्या आवाजासाठी जागा उरलेली नाही, हे अनुस्वाररावांना सोमवारी सकाळी अकरा वाजता कळलं. बायको समोर बसून शिवणयंत्राच्या पुस्तिकेतलं दुसरं पान वाचत होती. जेमतेम दीड मिनिट झालं असेल, तोच फोननं मध्येच पाटी लावली, की साठवणुकीची जागा संपली आहे, काहीतरी काढून टाका. बायको वाचायची थांबली. अनुस्वारराव त्या पाटीकडे बघत राहिले, पण पाटीत चूक नव्हती, त्यामुळे त्यांना पाटीला नावंही ठेवता येईनात.

अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून प्रूफं तपासली. एकदा एका अनुस्वारासाठी त्यांनी चालू यंत्र थांबवायला लावलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी हे नाव चिकटवलं ते कायमचं. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना त्याच नावानं ओळखत. त्यांचा एकच अभिमान होता आणि तो ते दर आठवड्याला बोलून दाखवत: आपल्या हातून गेलेल्या पुस्तकात मूळ कॉपीपासून एक अक्षरही हललेलं नाही.

गुरुवारी बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठ साधी होती, पण आवाजाच्या नसेला खेटून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की जिवाला काही धोका नाही, फक्त आवाज बदलेल. थोडा बदलेल की पुष्कळ, ते आज सांगता येत नाही. दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीनंच मग फोनवर सुचवलं, की तोवर आईचा आवाज भरून ठेवा, रोज थोडा थोडा.

आता काय वाच म्हणायचं, हा प्रश्न अनुस्वाररावांना पडलाच नाही. बायकोनं उभ्या जन्मात त्यांना एकच गोष्ट वाचून दाखवली होती. प्रूफ तपासताना एकानं मूळ कॉपी मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापील प्रूफावर नजर ठेवायची, अशी त्यांच्या धंद्यातली रीत. छापखान्यातला वाचणारा सोडून गेला, तेव्हापासून ते प्रूफं घरी आणू लागले आणि बायको वाचू लागली. वाचायचं म्हणजे विरामचिन्हांसकट. त्यामुळे बोलतानाही तिच्या तोंडून अधूनमधून "स्वल्पविराम" निसटे. शिवणयंत्राची निगा सांगणारी ही पुस्तिका दोघांनी मिळून तपासलेली पहिली. अनुस्वाररावांनी तीच तिच्या हातात ठेवली होती.

फोन कशानं भरला, ते शोधायला फार वेळ लागला नाही. त्यात सहा हजार चारशे बारा फोटो होते आणि एकूण एक फोटो चुकांचे होते. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना, लिफ्टमधला इशारा. रस्त्यात ऱ्हस्वाचं दीर्घ दिसलं, की हे थांबून फोटो काढणार, आणि बायको दोन पिशव्या घेऊन पुढे उभी. जगानं केलेल्या चुकांनी फोन काठोकाठ भरला होता आणि तिच्यासाठी दोन मिनिटांची जागा नव्हती. हे ती बोलली नाही, पण तिनं पुस्तिका मिटली. अनुस्वाररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटो काढून टाकायला मात्र त्यांचा जीव होईना. मग लेकीनं मार्ग काढला. घरात तिचा जुना कंप्यूटर होता. फोन वायरीनं त्याला जोडायचा आणि सगळं त्याच्यावर हलवायचं. वायर जोडली, तर फोन नुसताच चार्ज होऊ लागला. लेकीनं सांगितलं, की फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, तिथं तो विचारेल, नुसती वीज घेऊ की फायलीही देऊ. ते जमायला पाऊण तास गेला. त्यानंतर गाडी अडली ती एका शब्दावर.

"बाबा, आता कॉपी कंप्यूटरवर गेली का?" लेकीनं विचारलं.

"कॉपी कशी जाईल? कॉपी फोनमध्येच आहे."

"मग काय गेलं तिकडे?"

"प्रूफ."

छापखान्यात मूळ हस्तलिखिताला कॉपी म्हणतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, फक्त आठवायला उशीर झाला. "बरं," ती शांतपणे म्हणाली, "प्रूफ गेलं असेल तर फोनमधली कॉपी पुसा."

तसं झालं आणि फोन रिकामा झाला. सोमवार ते बुधवार बायकोनं अकरा वाचनं दिली. दहा पुस्तिकेतली होती. चौथ्याच्या वेळी मात्र तिनं पुस्तिका बाजूला ठेवली आणि यांना खोलीबाहेर काढलं. "हे तुम्ही नंतर ऐका," एवढंच म्हणाली. अनुस्वारराव पंधरा मिनिटं जिन्यात उभे राहिले. आत ती काय बोलत असेल, या विचारानं त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बुधवारी दुपारी त्यांनी अकराही वाचनं कंप्यूटरवर नेली आणि फोनमधली पुसून टाकली. लेकीनं दोन्हीकडे ठेवायला सांगितलं होतं. पण एका मजकुराच्या दोन प्रती ठेवल्या, की दुरुस्ती एकीत होते आणि छापली जाते दुसरी, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. मग ते नावांकडे वळले. फोननं नावं दिली होती ती बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नुसते आकडे, मग एक टिंब, आणि टिंबानंतर इंग्रजी एम, चारचा आकडा आणि ए. टिंब वाक्याच्या शेवटी येतं, एवढं तर शाळेत शिकवतात. अक्षरांच्या मधे चारचा आकडा घुसलेला, म्हणजे तर उघड उघड मुद्रणदोष. त्यांनी एकेक नाव घेतलं, शेवटचं शेपूट छाटलं आणि लिहिलं: वाचन क्रमांक एक.

कंप्यूटरनं त्यांना अडवलं नाही असं नाही. त्यानं चौकट दाखवली: नावाचा शेवट बदलल्यास फाईल निरूपयोगी होऊ शकते, तरी बदलायचा का?

अनुस्वारराव खुर्चीत ताठ झाले. निरुपयोगीमधला रु ऱ्हस्व. यानं दीर्घ लिहिला होता. ज्याला निरुपयोगी हा शब्द धड लिहिता येत नाही, तो आपल्याला नावं कशी ठेवायची ते शिकवणार. त्यांनी फोन उचलून त्या चौकटीचा फोटो काढला. रिकाम्या फोनमधला तो पहिला फोटो. मग "हो" दाबलं, अकरा वेळा.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्याच्या भिंतीवर "शांतत्ता राखा" असं लिहिलं होतं, पण अनुस्वाररावांनी खिशातून फोन काढला नाही. शनिवारी बायकोला घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. त्यानंतर आवाज येईल तो येईल. बायको वहीत लिहून दाखवू लागली. पहिली चिठ्ठी होती "पाणि द्या". त्यांनी पाणी दिलं आणि वेलांटी दीर्घ केली. बायकोनं वही मिटून डोळेही मिटले.

घरात इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. दुपारी ती झोपल्यावर ते कंप्यूटरपाशी गेले आणि सगळ्यात आधी वाचन क्रमांक चार उघडायला घेतलं. कंप्यूटरनं विचारलं, हे कशात उघडू? वाचन आहे, म्हणून त्यांनी मजकुराचं चित्र असलेली खूण निवडली. पडद्यावर पानंच्या पानं उमटली: चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. आयुष्यात त्यांनी वाईट प्रूफं पुष्कळ पाहिली होती, पण असं कधी नाही. तरी ते वाचत गेले. तिचा एखादा शब्द कुठे तरी असेल असं वाटत होतं. तिसऱ्या ओळीत दोन टिंबं शेजारी शेजारी दिसली. हात आपोआप गेला. त्यांनी एक टिंब पुसलं आणि बदल साठवला.

मग बाकीची दहा उघडून पाहिली. सगळीकडे तेच. तेव्हा कुठे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आतल्या खोलीत ती झोपली होती, तिचा आवाज परत येईल की नाही ठाऊक नव्हतं, आणि जो होता तो आपण आपल्या हातानं घालवला होता. अनुस्वारराव टेबलावर डोकं टेकून रडले.

लेकीला फोन केला तेव्हा त्यांना धड सांगताही येईना. नावं फक्त शुद्ध केली, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. लेकीनं विचारलं, की तेव्हा कंप्यूटरनं काही विचारलं होतं का? आठवेना. एक चूक केली होती त्यानं, ते म्हणाले, त्या चुकीचा फोटो आहे.

फोटो लेकीकडे गेला. मिनिटाभरात लेकीचा फोन आला.

"बाबा, शेपटं छाटलीत ना? ती परत लावा. टिंब, एम, चार, ए."

"ती चूक आहे."

"असू दे. लावा."

चौतीस वर्षांत स्वतःच्या हातानं चूक घालायची ही त्यांची पहिली वेळ. अकराही नावांना त्यांनी शेपूट जोडलं आणि पहिलं वाचन उघडलं. खोलीत तिचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत: यंत्र बंद करून तेलाचे दोन थेंब टाकावेत, स्वल्पविराम, आणि चाक हातानं फिरवावं, पूर्णविराम. आतून ती उठून आली आणि दाराला टेकून आपलाच आवाज ऐकत उभी राहिली.

चौथं वाचन शेपूट लावूनही उघडलं नाही. त्यातलं एक टिंब पुसल्याचं त्यांनी कबूल केलं, तेव्हा लेक म्हणाली, की ते मजकूर म्हणून उघडून साठवलंत, आता ते गेलं. अनुस्वाररावांनी बायकोला वहीत लिहून कळवलं. ती बोलत नाही, तर आपणही बोलू नये, असं त्यांना वाटलं. तिनं उत्तर लिहिलं: "दहा दिवस थांबा." पूर्णविराम होता. त्यांनी चुका शोधल्या नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी तिनं तोंड उघडलं. आवाज आला, पण तो तिचा नव्हता. खालच्या पट्टीतला, खरखरीत, मधे मधे तुटणारा होता.

"चौथ्यात काय होतं सांगू?" ती म्हणाली. "मूळ कॉपीत चार थेंब होते. मी दोन वाचले."

अनुस्वाररावांना आधी कळलंच नाही.

"चार थेंबांनी कापडाला डाग पडतो. लिहिणाऱ्यानं कधी शिवलं नसणार. मी वाचलं दोन, तुम्ही प्रूफातले चार खोडून दोन केले."

"हे एकदाच?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"प्रत्येक पुस्तकात दोन-चार ठिकाणी. सगळं कुठं आठवतंय. एका पुस्तकातली सासू फार टाकून बोलायची, तिला जरा नीट बोलायला लावलं. ऑपरेशनच्या आधी सांगून टाकावंसं वाटलं."

अनुस्वारराव उठले. त्यांनी पुस्तिका घेतली, तांबडी पेन्सिल घेतली आणि दुसरं पान काढलं. चौतीस वर्षांचा अभिमान त्या पानावर उघडा पडला होता. दोन खोडून बाजूला चार लिहायचं, हे त्यांचं काम होतं. पेन्सिल बराच वेळ त्या शब्दावर थांबली.

"अहो, आवाज फार बिघडला ना?" बायकोनं मागून विचारलं आणि सवयीनं पुढे म्हणाली, "प्रश्नचिन्ह."

खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असेल, तर त्याच्याखाली टिंबं देतात. ही खूण अनुस्वाररावांनी उभ्या नोकरीत चार-पाचदाच वापरली असेल, आणि न खोडलेल्या शब्दाखाली तर कधीच नाही. त्यांनी "दोन"खाली तीन बारीक टिंबं दिली. मग पेन्सिल खाली ठेवून तिच्याकडे वळले.

"तसाच ठेवायचा," ते म्हणाले.