हँडलला हात लावू नका

त्या मंगळवारी गंगापूर रोडवर बाबांना टेम्पोने धडक दिली. ते सायकलवर होते. त्यांची मांडी मोडली. मी रिक्षातून उतरले तेव्हा बाबा रस्त्याच्या कडेला पडले होते आणि एक माणूस त्यांच्या सायकलभोवती खडूने गोल काढत होता.

"हँडलला हात लावू नका!" तो गर्दीला सांगत होता. "कोणी हँडल सरळ केलं तर माझ्याशी गाठ आहे!"

आपल्याकडे सायकलवाला पडला की दोघे जण त्याला उठवतात, एक जण पाणी आणतो, आणि आणखी एक जण, तो कुठून उगवतो ते कळत नाही, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हिसका देऊन हँडल सरळ करतो. सायकल सरळ झाली की गर्दीला वाटतं, माणूसही झाला. मग "जा आता सावकाश" म्हणून त्याला वाटेला लावतात. खडूने गोल काढणारे ते नाना देवरे, आणि त्यांचा झगडा या हँडल सरळ करणाऱ्या माणसाशी होता. त्या दिवशी तो माणूस म्हणजे एक दूधवाला होता. बिचारा नुसता पुढे वाकला होता.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?" नाना गरजले. "पंचनामा व्हायचाय! हँडल सरळ केलं की केस वाकडी!"

मला त्या खडूवाल्याचा राग आला. माझा बाप रस्त्यात पडलाय आणि याला सायकलची पडली आहे. मग मी पाहिलं, बाबांचा पाय एका छत्रीला नीट बांधलेला होता. छत्री त्याचीच होती. मी आले ती रिक्षाही त्याने दवाखान्यात न्यायला थांबवून ठेवली होती.

हवालदार आला. त्याने विचारलं, "तुम्ही जखमीचे कोण?"

"मी यासना साला शे," नाना म्हणाले.

मी तोंड उघडलं. नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही भाची. धक्का बसलाय पोरीला. बोलायची नाही."

मी खरंच बोलले नाही. एका ग्रंथालयात काम करून माझी गप्प राहण्याची सवय पक्की झाली होती.

संध्याकाळी दवाखान्यात आईने विचारलं, "तो कोण गं, बाहेर बसलाय तो?"

"तुझा भाऊ," मी म्हटलं.

नाना आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहत. सटाण्याकडचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. पँटच्या पायाला क्लिप, खिशात खडू, हँडलला छत्री अडकवलेली, असे ते दिवसभर गावात सायकल फिरवत. कुठे सायकलवाला पडला की अर्ध्या घटकेत तिथे हजर. तिथे पोचले की त्यांना नातं फुटायचं. ते पंचवटीतल्या एका पोस्टमनचे चुलते होते, भद्रकालीतल्या अत्तरवाल्याचे व्याही होते, आणि कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीचे आजोबा होते. एकदा एका पाववाल्याचे जावई झाले. पाववाला त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होता.

"अहो पण कशाला?" मी विचारलं. "फिर्याद कोणीही देऊ शकतो ना? ज्याने पाहिलं तो?"

"देऊ शकतो. कायद्याला नातं लागत नाही, ताई. हवालदाराला लागतं."

खोटं नातं सांगताना ते अहिराणीत सांगत. त्याचंही कारण होतं. शहरातल्या हवालदाराला ती अर्धीच कळते, आणि अर्धं कळलेला माणूस पुन्हा विचारत नाही.

कायदा त्यांना फार येत होता असं नाही. कलमांचे आकडे ते रोज नवे सांगत. आमच्या कोठावदे वकीलबाई हात जोडून म्हणत, "नाना, कलमं तेवढी माझ्यावर सोडा." पण मोजक्या गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक होत्या, आणि त्या ते रस्त्यावर, दवाखान्यात, चहाच्या टपरीवर, कुणी विचारो न विचारो, सांगत. सायकल हलवू नका. कोऱ्या काय, लिहिलेल्या कागदावरही दवाखान्यात सही करू नका. फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. एक हरला तरी दुसरा उभा असतो. आपली थोडी चूक असली तर भरपाईत वाटणी होते, सगळं जात नाही. गाडी पळून गेली तरी सरकारची योजना आहे. "गाडी पळाली म्हणून हक्क पळत नाही," हे ते बोट वर करून म्हणत.

टेम्पोचा मालक तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. हातात मोसंब्यांची पिशवी, खिशात स्टँपपेपर. "आमची काही तक्रार नाही" असं त्यावर टाइप केलेलं. बाबांनी फक्त सही करायची होती. बाबा सभ्य गृहस्थ; त्यांनी पेनही मागितलं.

"मोसंबी ठेवा," नाना म्हणाले, "कागद न्या."

"तुम्ही मध्ये कोण? आणि सायकलवाल्याला कसला आलाय हक्क? ना लायसन, ना टॅक्स."

"गाढवाला तरी कुठंय लायसन? धडकवून बघ. मालक येतो का नाही ते कळेल."

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "देवरे, तुम्ही मला गाढव म्हणालात."

"उदाहरण दिलं, गुरुजी."

दुखण्यात बाबा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मोसंबी नानांनीच सोलून त्यांना भरवली.

बाबांना अपघातातलं काही आठवत नव्हतं. टेम्पोवाल्याने जबाब दिला होता की म्हातारा एकदम आडवा आला. बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि वळताना हात दाखवल्याशिवाय ते कधी वळले नव्हते. आता ते छताकडे बघत पडून राहत आणि मध्येच म्हणत, "मी हात दाखवला नसेल का गं?" पायापेक्षा ते दुखणं मोठं होतं. दावा आम्ही लावला तो त्यासाठी. त्यांची चूक नव्हती, हे कुणीतरी अधिकाराने त्यांना सांगायला हवं होतं.

सायकल आमच्याकडे बंधपत्रावर परत आली. कोर्ट मागेल तेव्हा, आहे त्या स्थितीत हजर करायची. ती जिन्याखाली ठेवली. नाना दर रविवारी येऊन तिची तपासणी करत. फडक्याने धूळ पुसत, पण फडकं हँडलपाशी आलं की थांबत. एकदा बाबांचा जुना विद्यार्थी भेटायला आला. गुरुजींची सायकल वाकडी बघून त्याला गहिवरून आलं आणि त्याने भक्तिभावाने पुढचं चाक गुडघ्यांत धरलं. नाना घरातून असे धावले की चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला आणि चहा विद्यार्थ्याच्या अंगावर गेला.

आई म्हणाली, "कागदावर भाऊ झालाच आहात, तर भाऊबीजेला या." नाना आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. ओवाळल्यावर त्यांनी ताटात सायकलची नवी घंटी ठेवली. "आत्ता बसवायची नाही," त्यांनी बजावलं. "केस संपल्यावर."

तारखा पडत गेल्या. बाबा काठीवर चालू लागले. नाना प्रत्येक तारखेला डबा घेऊन येत आणि पुकारा झाला की आमच्या आधी उठून उभे राहत. मग त्यांच्या साक्षीचा दिवस आला.

विमा कंपनीच्या वकिलांनी जबाबाचा कागद वर धरला. "तुम्ही अर्जदारांचे मेहुणे?"

नानांनी आईकडे पाहिलं. शपथ घेऊन झाली होती.

"नाही, साहेब."

"मग त्यांचे कोण?"

"कोणी नाही," नाना म्हणाले. अहिराणीत नव्हे.

"म्हणजे पोलिसांना खोटं सांगितलंत. आणि तुमच्या साक्षीवर आम्ही विश्वास ठेवायचा?"

कोठावदे बाईंनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं जपलेली सायकल, आणि केस नात्यावरून जाणार होती.

"साहेब," नाना न्यायाधीशांना म्हणाले, "एकदा खरं सांगून पाहिलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"कादर आणि मी जोडीनं कामाला जायचो. नाशिकरोडहून एकलहऱ्याला, सायकलवर. पाळी बदलली तर दोघांची बदलून घ्यायचो. तो रस्त्याच्या अंगाला चालवायचा, मी कडेनं. तुला कमी दिसतं, म्हणायचा. ट्रकनं त्याला उडवलं. त्याला गाडीत घातलं, आणि मी सवयीनं त्याच्या सायकलचं हँडल सरळ केलं. हवालदार म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, कोणी नाही, बरोबर कामाला आहे. तो म्हणाला, मग बाजूला व्हा." नानांनी कठड्यावरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. "मी झालो बाजूला. कादर गेला. त्याचा भाऊ गावाहून येईपर्यंत ट्रकवाल्यानं लिहून दिलं होतं, सायकल आडवी आली. सायकल तर सरळ उभी, तिला कोण विचारतो? चूक कादरची ठरली. तेव्हापासून मी बाजूला होत नाही."

न्यायाधीश म्हणाले, "सायकल कुठे आहे?"

सायकल हातगाडीवर घालून आणली होती. ती आवारात होती; न्यायाधीशांनी बाहेर येऊन पाहिली. हँडल पडलं तेव्हासारखंच वाकडं, पुढचं चाक रुपयासारखं गोल. मागच्या चाकाची जिलबी, कॅरियर खोगिरात शिरलेलं. आडव्या आलेल्या सायकलला कोणी मागून ठोकत नाही, एवढंच वकीलबाईंना म्हणायचं राहिलं.

निकालात लिहिलं होतं की सायकलस्वाराची कोणतीही चूक नव्हती. बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी वळलोच नव्हतो." त्या दुपारी ते गाढ झोपले.

संध्याकाळी नाना आले. जिन्याखाली गेले. पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, आणि हँडलवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मला वाटलं हिसका द्यायला जोर कमी पडतोय. मी पुढे झाले तेव्हा कळलं, ते रडत होते. आम्ही दोघांनी मिळून हँडल सरळ केलं. मग त्यांनी डोळे पुसून घंटी बसवली आणि ती इतक्या वेळा वाजवली की वरून आई ओरडली, "अहो भाऊ, पुरे!"

बाबा काही वर्षांनी गेले. त्यानंतरही नाना रविवारी येत आणि सायकल पुसत. एका रविवारी आले नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं होतं; छातीत कफ भरला होता. मी पोचले तेव्हा वॉर्डच्या दारात नर्सने अडवलं.

"फक्त नातेवाईक. तुम्ही त्यांच्या कोण?"

मला अहिराणी येत नाही.

"मी भाची शे," मी म्हटलं.

"सख्खी?"

"सख्खी."

तिने आत सोडलं. नानांनी ऐकलं असावं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण कॉटवर ते जरासे कडेला सरकले आणि मला बसायला जागा केली.

आता बाबा नाहीत. नाना नाहीत. सायकल जिन्याखाली आहे. रविवारी मी ती पुसते. मागचं चाक तसंच आहे. हँडल सरळ आहे.