लांडग्याचा वाटा

जोतीरामच्या शेवटच्या रविवारी घरात वाद झाला तो एका तक्त्यावरून. इंदापूरपलीकडचा गवताळ माळ तो वनखात्याचा राखणदार म्हणून वीस वर्षं राखत होता. कोणती जागा आधी वाचवायची, हे आता कचेरी या तक्त्यात गुण देऊन ठरवणार होती. झाडांना गुण होते, गवताला नव्हते. लांडग्यांना होते, पण जनावर मारल्याची लेखी तक्रार असेल तरच. माळावर लांडग्यांची दोन बिळं होती. तक्रार एकही नव्हती.

तो मेंढरं राखणाऱ्या म्हाळसाकाकूकडे गेला.

"काकू, औंदा कोकरं किती गेली?"

"तीन."

"मग एक तक्रार द्या की."

"कुणाची? त्याचा वाटा त्यानं नेला. वाटेकऱ्याची तक्रार करत्यात व्हय?"

शेवटी जोतीरामनं स्वतःचीच शेळी कागदावर मारली. अर्ज लिहायला मुलगी होती, योगिनी, बारामतीच्या कॉलेजात शिकणारी. मेलेली शेळी शेजारी उभी राहून कार्बन पेपर चघळत होती.

"अप्पा, ही जिती हाय."

"तिला वाचता येतंय व्हय? तू लिही."

तिनं लिहिलं, पण चिडून. कॉलेजात ती 'वडील वनखात्यात आहेत' एवढंच सांगायची. बोडका माळ राखतात, हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी अर्ज देऊन जोतीराम एसटी स्टँडच्या बाकावर टेकला. तो पुन्हा उठला नाही.

अर्ज मात्र पुढे सरकत राहिला. त्यावरून कचेरीनं लांडगे पकडायला पिंजरा मंजूर केला. लांडगे गेल्यावर माळ रिकामाच उरणार, म्हणून तिथं कै. जोतीराम यांच्या स्मरणार्थ पाचशे झाडंही मंजूर केली.

पहिलं रोप योगिनीच्या हातून लागलं. पिंजरा जीपमागे ठेवलेला होता.

"जोतीरामांनी या उजाड जागेत आयुष्य घालवलं," साहेब म्हणाले. "आता इथं काहीतरी होईल."

टाळ्या थांबेपर्यंत शेळीनं रोप खाल्लं होतं.

"ही शेळी कुणाची?"

"जोतीरामची," म्हाळसाकाकू म्हणाली. "लांडग्यानं खाल्लेली."

लोक हसले. साहेबांनी फाईल उघडली.

"म्हणजे तक्रार खोटी?"

"खोटी. मीच लिहिली," योगिनी म्हणाली. "पिंजरा माघारी न्या. झाडं बी न्या."

"मग इथं आहे तरी काय?"

"माळ हाय, साहेब. माझे वडील माळ राखायचे."